शंकेकडे पावती मागा: आत्मविश्वास कमावायला निघालेल्या नवख्यांसाठी

२००३ सालच्या मार्चअखेरची गोष्ट. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. वर्षाचे हिशेब बंद करायचे होते आणि एका पुरवठादाराच्या खात्यात ४,८६० रुपयांचा फरक काही केल्या सुटत नव्हता. साहेबांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. फरक कुठे आहे ते मला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी बिलांचा गठ्ठा मीच चाळला होता आणि एकच बिल दोनदा चढलेलं पाहिलं होतं, एकदा फॅक्सवरून आणि एकदा मूळ प्रतीवरून.

"माले माहीत शे." तीनच शब्द. मी कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातली, घरी अहिराणी बोलणारी. ते वाक्य शहरी मराठीत फिरवेपर्यंत घशाला कोरड पडली. मग वाटलं, आपण कालच्या आलेल्या, आपलंच काही चुकत असेल. तासाभरानं दुसऱ्या कुणीतरी तेच बिल काढून दाखवलं आणि साहेब त्याला शाबास म्हणाले. त्या संध्याकाळी सीबीएस बसस्टँडपर्यंत मी बसमध्ये उभ्यानं रडत आले.

आज त्याच धंद्यात वीस वर्षांहून जास्त काढली आहेत. रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर आठ-दहा मुलंमुली जमतात. कुणी सुरगाण्याचं, कुणी देवळ्याचं, कुणी इथलंच पण चार लोकांत बोलायला घाबरणारं. त्यांना मी जे करायला लावते, तेच क्रमानं इथे लिहिते आहे. एक वही आणि एक पेन एवढंच लागतं.

आधी खातं कुठलं ते ठरवा

"मला आत्मविश्वासच नाही" असं म्हणणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, कुठे नाही? पिंपळगावकडचा एक मुलगा यायचा. घरच्या द्राक्षबागेत वीस मजुरांकडून ऑक्टोबरची छाटणी करून घेणारा, डिपिंगच्या, म्हणजे घड बुडवायच्या औषधाचं प्रमाण तोंडपाठ असणारा, व्यापाऱ्याशी भावावरून तासभर हुज्जत घालणारा. सातपूरला नोकरीला लागला आणि सुपरवायझरकडे एक दिवसाची रजा मागायला त्याची जीभ वळेना. मग त्याच्याकडे आत्मविश्वास आहे की नाही? बागेच्या खात्यावर भरपूर शिल्लक होती, कंपनीच्या खात्यावर अजून काही जमाच झालं नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हेच शास्त्राच्या भाषेत मांडलं. "हे काम मला जमेल" हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो आणि तो चार गोष्टींतून तयार होतो: ते काम स्वतः करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं, भरवशाच्या माणसाचे शब्द, आणि त्या वेळी आपलं शरीर आपल्याला काय सांगतं ते. यातला सगळ्यात भक्कम पहिला. म्हणजे विश्वास आला की काम करू असं म्हणत बसलात तर बसूनच राहाल, कारण तो कामामागून येतो.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर "मी घाबरट आहे" असलं काही लिहू नका. नेमकं लिहा. कुठे, समोर कोण, काय करायचं असतं आणि नेमकं काय होतं. "बँकेत काउंटरवर स्लिप भरताना मागे रांग असली की हात थरथरतो." "वर्गात सरांनी नाव घेऊन विचारलं की येत असलेलं उत्तरही विसरतं." "सासूबाईंसमोर मला गाडी काढता येत नाही, एकटी असले की येते." अशी तीन-चार वाक्यं निघतात, दहा निघत नाहीत. आयुष्यभराचं वाटणारं ओझं तीन वाक्यांत मावलेलं पाहून पुष्कळांना तिथेच थोडं हलकं वाटतं.

मग पावती मागा

हिशेबात एक नियम आहे, पावतीशिवाय नोंद नाही. कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं की अमक्याला पाच हजार दिले, तरी व्हाउचर नसेल तर मी खात्याला लावत नाही. आणि तीच मी, स्वतःबद्दल "तुला काही कळत नाही" ही नोंद वर्षानुवर्षं बिनापावतीची स्वीकारत आले होते.

१९६० च्या दशकात अमेरिकेतले डॉक्टर अ‍ॅरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना पाहिलं की त्यांच्या मनात काही वाक्यं आपोआप उमटतात आणि रुग्ण ती तपासून न पाहताच खरी धरतात. त्यांनी रुग्णांना तीच वाक्यं पुराव्यावर घासून पाहायला शिकवलं. आजही समुपदेशक हीच पद्धत वापरतात. आपण वहीत तिचं साधं रूप करायचं.

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे शंकेचं वाक्य जसंच्या तसं. उजवीकडे त्याचा पुरावा. तारीख, जागा, घडलेली गोष्ट. "असं वाटतं", "सगळे म्हणतात", "नेहमीच होतं" हे पुराव्यात चालत नाही.

सुरगाण्याची एक मुलगी. नर्सिंग पूर्ण केलेलं, दोन खासगी दवाखान्यांत मुलाखती देऊन नकार घेऊन आलेली. तिच्या डाव्या रकान्यात होतं, "मला मुलाखतीत काही बोलताच येत नाही." मी म्हटलं, पावती दाखव. पहिल्या मुलाखतीत किती प्रश्न विचारले? तिनं आठवून आठवून लिहिले, नऊ. किती उत्तरं दिली? सलाईनचा वेग कसा मोजायचा, ते सांगितलं. इंजेक्शन देण्याआधी काय काय तपासायचं, तेही. बीपी अचानक उतरला तर काय, तेही. मोजता मोजता सात भरली. दोन प्रश्नांना ती गप्प राहिली होती, पगार किती हवा आणि सुरगाणा सोडून इथे राहणार कुठे. दोन्ही अनपेक्षित. बराच वेळ ती त्या आकड्याकडे बघत राहिली आणि मग तिनं स्वतःच डावीकडचं वाक्य खोडून खाली लिहिलं, "अनपेक्षित प्रश्न आला की मी गप्प होते."

पहिल्या वाक्यावर काहीच करता येत नव्हतं. दुसऱ्याची तयारी करता येते.

तपासताना तीन खोट्या पावत्या हमखास सापडतील. एका प्रसंगावरून कायमचा निकाल लावलेला असतो. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते त्याला न विचारता ठरवून टाकलेलं असतं. आणि जे चांगलं झालं ते "त्यात काय एवढं" म्हणून रद्द केलेलं असतं. तिसरीकडे जास्त लक्ष द्या, आपल्या घरांमध्ये तिला नम्रता समजतात.

आरशासमोर उभं राहून "मी सर्वोत्तम आहे" असं रोज म्हणायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी देत नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे तपासलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच खाली होतं, त्यांना अशी वाक्यं घोकून बरं वाटण्याऐवजी उलट जास्त वाईट वाटलं. मला ते पटतं. बिनापावतीची निंदा जशी चालत नाही, तशी बिनापावतीची स्तुतीही मन आतून स्वीकारत नाही.

काही नोंदी दुसऱ्यानं टाकलेल्या असतात

रकाना भरताना एखादं वाक्य असं निघतं की त्यातला आवाज आपला नसतो. "मुलीच्या जातीला एवढं पुढे पुढे करणं शोभत नाही." "आपल्यासारख्यांनी पायरी ओळखून राहावं." "त्याची भाषा ऐकलीस का? गावंढळ." पुढे कंस करून लिहा, हे पहिल्यांदा कुणी म्हटलं, मी तेव्हा किती वर्षांची होते.

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. २ मार्च १९३० रोजी याच पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाडांसारखे इथलेच कार्यकर्ते तो पुढे वर्षानुवर्षं चालवत राहिले. दारात उभ्या असलेल्या त्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं होतं की तुम्ही कमी आहात. ती नोंद दुसऱ्यांनी त्यांच्या नावावर टाकली होती आणि ती नाकारायला ते एकमेकांच्या सोबतीनं उभे राहिले. तुमच्या मनातली शंका अशा जागेवरून आलेली असेल तर तो तुमचा स्वभावदोष मानू नका. ती एकट्यानं पुसत बसू नका. ज्यांच्या नावावर तशीच नोंद टाकली गेली आहे, अशा दोघा-चौघांशी बोला.

जिना बांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वहीतली बाकीची पानं कोरी राहिली तरी चालतील, हे भरलं पाहिजे.

लोक म्हणतात, डोळे मिटून उडी मार, भीती आपोआप जाईल. आपल्याकडे रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, उघडतात. शनी चौकात, तिवंध्यात, दिल्ली दरवाजाशी रंगाच्या पाण्यात धप्पा मारायला झुंबड उडते. तिथे उडी मारणारा बेधडक दिसतो. पण रहाड किती खोल आहे ते त्याला लहानपणापासून ठाऊक असतं, आधी शंभर जणांनी त्याच्यासमोर उडी मारलेली असते आणि वर काढायला काठावर हात तयार असतात. यातलं काहीच नसताना दोनशे माणसांपुढे पहिलं भाषण ठोकायला गेलात आणि गडबडलात, तर मनाला शंकेची एक खरी पावती मिळते. ती नंतर फाडता येत नाही. म्हणून उडी नको, जिना.

वहीतलं एक वाक्य घ्या. त्याच्याशी नातं असलेल्या सात-आठ गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे भीतीचा आकडा टाका, ० म्हणजे काहीच नाही आणि १० म्हणजे पाय लटपटतात. मग कमीपासून जास्तीकडे लावा. अनोळखी माणसांशी बोलायची भीती असलेल्या एका मुलाचा जिना असा होता:

१. सिटीलिंकच्या कंडक्टरला विचारायचं, ही बस निमाणीला जाते का. भीती २.
२. बुधवारच्या बाजारात गंगाघाटावर तीन भाजीवाल्यांना भाव विचारायचे आणि एकाकडूनच घ्यायचं. भीती ३.
३. मेनरोडला दुकानात चार शर्ट काढायला लावून, "आवडले नाहीत, येतो," म्हणून बाहेर पडायचं. भीती ५.
४. सार्वजनिक वाचनालयात जाऊन एखाद्या विषयावरचं पुस्तक शोधायला मदत मागायची. भीती ५.
५. क्लासमध्ये सरांना तास संपल्यावर एक शंका विचारायची. भीती ६.
६. तीच शंका तास चालू असताना हात वर करून विचारायची. भीती ८.
७. मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला ऐकायला जायचं आणि व्याख्यान संपल्यावर वक्त्याला गाठून विषयाबद्दल दोन वाक्यं बोलायची. भीती ९.

तिसरी पायरी लिहिताना तो हसला, पण तिनंच त्याला सगळ्यात जास्त शिकवलं. नकार द्यायला तो घाबरायचा, दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून नको असलेले शर्ट घेऊन यायचा. पहिल्या दिवशी शर्ट पाहिले, दुकानदारानं नाराज चेहऱ्यानं घड्या घालायला घेतल्या, हा "येतो" म्हणाला आणि रविवार कारंजापर्यंत जवळजवळ पळतच आला. दुसऱ्या दुकानात पळाला नाही. चौथ्या दुकानात दुकानदार म्हणाला, "हरकत नाही, नवा माल आला की या." त्या दिवशी त्यानं पाचाच्या जागी दोन लिहिले.

जिना चढण्याचे काही नियम आहेत, ते पाळलेत तरच उपयोग.

एक पायरी एकदा करून सोडू नका. आकडा निम्म्यावर येईपर्यंत तीच करा, चार वेळा लागो की दहा वेळा.

भीती वर असताना पळू नका. ती वाढत जाते, टोकाला पोचते आणि थांबून राहिलात तर हळूहळू उतरते. उतरायच्या आधीच निघालात तर मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती आणखी आधीपासून येते.

कुबड्या टाका. काहींना मोबाईलमध्ये डोकं घातल्याशिवाय रांगेत उभं राहता येत नाही, काहींना मैत्रिणीला पुढे केल्याशिवाय बोलता येत नाही, काही जण इतकं हळू बोलतात की कुणी नीट ऐकूच नये. अशानं काम झालं तरी श्रेय कुबडीला जातं, तुमच्या खात्यावर काही जमा होत नाही.

आणि यश कशाला म्हणायचं ते आधीच लिहा. "सरांना विचारलं" हे यश. सरांनी हसून उत्तर दिलं की वैतागून, ते आपल्या हातात नाही, म्हणून ते मोजायचं नाही.

अंग ऐकत नाही तेव्हा

छाती धडधडणं, तळहात ओले होणं, आवाज कापणं हे शरीर कामाला लागल्याचं लक्षण आहे. धावायच्या आधीही हेच होतं. ते थांबवायला जाऊ नका. श्वास मात्र हातात घ्या. मनात चार मोजत नाकानं आत, सहा किंवा सात मोजत सावकाश बाहेर, दोन मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब ठेवायचा. हे घरी रोज करून ठेवलेलं असेल तरच ऐन वेळी उपयोगी पडतं.

काही जणांच्या बाबतीत मात्र वही आणि जिना पुरत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडलेली असेल, भीतीपायी कॉलेज किंवा काम सुटायची वेळ आली असेल, काही कारण नसताना धडधडून जीव घाबरत असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर एकट्यानं झगडू नका. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. मी स्वतः २००९ मध्ये सहा महिने समुपदेशकाकडे जात होते. ते घरी कळलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पाय मोडला असता तर गेलीच असतीस ना?"

बघणारे किती बघतात?

"लोक काय म्हणतील" या प्रश्नाचं मोजलेलं उत्तर आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००० साली छापून आला. एका विद्यार्थ्याला अवघडल्यासारखं होईल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं. बाहेर आल्यावर त्याला विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? टी-शर्ट घातलेल्यांचा अंदाज होता, साधारण निम्म्यांच्या. खोलीतल्या लोकांना विचारलं तेव्हा प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांना ते चित्र सांगता आलं.

तुम्ही ताळा करून पाहा. मागच्या महिन्यात दुसरं कोण बोलताना अडखळलं, कुणाचा शब्द चुकला, आठवतंय?

बोलायची तयारी

सगळं भाषण पाठ करू नका, मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं. पहिलं वाक्य तेवढं पाठ करा, इतकं की झोपेतून उठवलं तरी यावं. गाडी फलाटावरून हलली की पुढचं जमतं.

दुसरं पाठ करायचं ते उत्तर येत नसतानाचं वाक्य. माझं आजही ठरलेलं आहे, "तपासून दुपारपर्यंत सांगते." पहिल्या नोकरीत मला वाटायचं, माहीत नाही म्हटलं की संपलं. खरं तर असं म्हणून दुपारी ठरल्या वेळी उत्तर घेऊन येणाऱ्या माणसावर ऑफिस जास्त भरवसा ठेवतं.

आणि बोली. ही माझी दुखरी जागा आहे, म्हणून जरा थांबते. ऑफिसात, कॉलेजात चालणारी मराठी शिकून घ्या, कामापुरती इंग्रजी शिकून घ्या. आपल्या धंद्यातले पन्नास-साठ शब्द पक्के केले की निम्मी भीती जाते. मला रिकन्सिलिएशन (दोन हिशेब ताडून जुळवणं) हा शब्द न अडखळता म्हणायला आठवडा लागला होता. पण हे सगळं घरच्या भाषेवर रेघ मारून करू नका. पहिली दोन वर्षं आईचा फोन आला की मी जिन्यात जाऊन दबक्या आवाजात अहिराणी बोलायचे. पुढे एकदा मालेगावचा एक ट्रान्सपोर्टवाला बिलावरून हमरीतुमरीवर आला, कुणालाच आवरेना. मी त्याच्याशी अहिराणीत बोलले आणि दहा मिनिटांत हिशेब जुळला. तेव्हापासून मी फोन जागेवरच घेते.

कुणाकडे बघायचं

मोबाईलवर झगमगणाऱ्या माणसांकडे बघून उमेद येते आणि अर्ध्या तासात उतरते, कारण ती आपल्यासारखी वाटत नाहीत. ज्याची सुरुवात आपल्यासारखी होती त्याच्याकडे बघा. सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. हरसूल भागातल्या मुलींना त्यानंतर धावणं ही आपलीही गोष्ट वाटू लागली, हे मी त्या भागातून येणाऱ्या मुलींच्या तोंडून ऐकलं आहे.

त्याहून उपयोगी म्हणजे आपल्यापेक्षा दोनच पायऱ्या वर असलेला माणूस. गेल्या वर्षी नोकरीला लागलेली रूममेट, पहिल्यांदा कर्ज काढून रिक्षा घेतलेला शेजारी. त्यांना विचारा, पहिल्या दिवशी काय चुकलं होतं. ते त्यांना अजून आठवत असतं आणि सांगायला ते आनंदानं तयार असतात.

कौतुक करणारा शोधतानाही पारखून घ्या. "तू भारीच आहेस" म्हणणाऱ्यापेक्षा "तू सुरुवात चांगली केलीस, शेवटी घाई केलीस" म्हणणारा जवळ ठेवा.

आपटी खाल्ली तर

खालच, त्यामुळे आधीच तयारीत राहा. मी धीर करून पहिल्यांदा मीटिंगमध्ये बोलले तेव्हा आकडा चुकीचा सांगितला, लाखाच्या जागी दहा हजार. लोक हसले. त्या रात्री मी ठरवलं होतं की पुन्हा तोंड उघडायचं नाही.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावा आला होता. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत मात्र एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो शेवटी राहिला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत तो पुन्हा वल्ही घेऊन बसला आणि त्या नावेनं सुवर्णपदक जिंकलं. मला यात पदकापेक्षा मधली रात्र जास्त मोठी वाटते.

आपटल्यावर चोवीस तासांच्या आत दोन कामं करा. घडलं ते फक्त घटना म्हणून वहीत लिहा, "आकडा चुकीचा सांगितला," एवढंच. "माझी लाज गेली" हे लिहायचं नाही. आणि जिन्याची एक पायरी खाली उतरून तिथलं काम पुन्हा करा. मी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन दुरुस्त आकडा एकट्या त्यांना सांगितला. हात थरथरत होता, कागद हलताना दिसत होता. त्यांनी आकडा टिपून घेतला आणि पुढच्या फाईलकडे वळले.

रोजची नोंद

झोपण्यापूर्वी वहीच्या मागच्या बाजूनं एक ओळ. तारीख, काय केलं, आधी भीती किती, नंतर किती. "बरं वाटलं", "छान झालं" नको, काम लिहा. काहीच केलं नसेल त्या दिवशी "आज काही नाही" असं लिहा आणि स्वतःला न रागावता वही मिटा, कोरी मात्र सोडू नका. महिनाअखेरीला आकडे वाचून काढा. रोजच्या रोज फरक दिसत नाही, महिन्याचा दिसतो. वही कुणाला दाखवायची सक्ती नाही; मीही मुलांच्या वह्या त्यांनी स्वतःहून पुढे केल्याशिवाय बघत नाही.

सुरगाण्याच्या त्या मुलीनं एका रविवारी स्वतःच वही पुढे केली. आदल्या गुरुवारी तिची तिसरी मुलाखत झाली होती. जेलपेननं, जरा तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं: "अकरा प्रश्न. राहणार कुठे ते विचारलं, हॉस्टेलचं नाव सांगितलं. पगार विचारला, आकडा सांगितला. एक मशीन माहीत नव्हतं, वापरलेलं नाही पण शिकून घेईन म्हणाले. आवाज कापला. वाक्य पूर्ण केलं. आधी ८, नंतर ४."